खोट्या घरावरचे खरे शिक्के

मे १८२७. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, पेन्सव्हिल गावात खोटी नाणी पाडणाऱ्या एका टोळीकडे एक यंत्र सापडलं. ते विचित्र दिसणारं धूड बघायला गर्दी लोटली आणि गर्दीतलं कुणीतरी त्याला ‘बोगस’ म्हणालं. गावातून निघणाऱ्या ‘पेन्सव्हिल टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने तो शब्द लगेच उचलला. त्याच वर्षीच्या जुलै आणि नोव्हेंबरच्या अंकांत तो छापलेला आहे. पत्राचा तेव्हाचा संपादक एबर हाऊ याने पुढे १८७८ साली आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत सांगितली आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ती नोंदवून ठेवली. म्हणजे बोगस हे नाव आधी पडलं ते नाणं पाडणाऱ्या यंत्राला. त्या यंत्रातून पडलेल्या नाण्यालाही लोक बोगस म्हणू लागले ते नंतर. मग नोटा, हुंड्या, दाखले, माणसं, जे जे म्हणून खोटं निघालं त्या सगळ्याला ते विशेषण चिकटलं.

आपल्याकडे हा शब्द आला तो विशेषण होऊनच. बोगस डॉक्टर, बोगस मतदार, बोगस बियाणं, बोगस सह्या, बोगस दाखला. ठाण्याच्या कुठल्याही नाक्यावर, वाशीच्या भाजी मार्केटात, ऐरोलीच्या रिक्षा स्टँडवर हा शब्द मराठीच समजला जातो. इंग्रजी कधी शाळेत न शिकलेली माणसंही तो बिनचूक वापरतात. पण आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं यंत्र गळून पडलं होतं, उरलं फक्त नाणं. माझं म्हणणं असं की, ठाणे आणि नवी मुंबईतल्या बेकायदा इमारतींच्या बाबतीत आपला न्यायही तसाच झाला आहे. आपण नाणं पकडतो, ते फोडतो, ते ज्याच्या खिशात सापडलं त्याला शिक्षा करतो. यंत्र तिथेच राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू होतं.

या शब्दाच्या जन्मकथा आणखीही आहेत. व्हरमाँटकडे कुठल्याही ओंगळ, भयानक दिसणाऱ्या वस्तूला ‘टँट्राबोगस’ म्हणत, त्याचंच हे छोटं रूप असावं, असं एका जाणकाराने कोशकारांना कळवलं. ते मला पटण्याजोगं वाटतं, कारण अनोळखी यंत्र पाहून गावकऱ्यांच्या तोंडी असाच शब्द येणार. कवी जेम्स रसेल लोवेलला वाटलं, हा फ्रेंच ‘बगास’चा अपभ्रंश असावा. उसाचा रस काढल्यावर उरणारं चिपाड, ज्याला आपल्या साखर कारखान्यांतही बगॅस म्हणतात, तो शब्द न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपीच्या काठाकाठाने वर गेला असावा, अशी त्याची अटकळ. आणि सगळ्यांत लोकप्रिय झाली ती बोर्गेसीची गोष्ट. १८३० च्या दशकात बोर्गेसी नावाच्या एका ठकाने पश्चिमेकडच्या राज्यांत खोटे चेक आणि हुंड्या वटवल्या, त्याच्या नावाचं लोकांनी बोगस करून टाकलं, असं बोस्टनच्या एका वृत्तपत्राने १८५७ साली छापलं.

ही गोष्ट तारखांवरच कोसळते, कारण शब्द १८२७ मध्येच छापलेला सापडतो. तरीही ती अनेक वर्षं सांगितली गेली. मला त्याचं कारण उघड दिसतं. लोकांना एक नाव हवं असतं, एक चेहरा हवा असतो. एक ठक होता, तो वाईट होता, त्याला पकडलं, संपलं. यंत्राची गोष्ट सांगायला अवघड जाते, कारण यंत्र ओतायला भट्टी लागते, भट्टीचा मालक लागतो, धातू पुरवणारा लागतो, खोटं नाणं बाजारात फिरवणारे लागतात. टेलिग्राफच्या जुलैच्या त्या अंकातही विषय हाच आहे, बोगस आमच्या भट्टीत ओतलं गेलं की नाही. गावाला कुणी सुखवस्तू इसम खोटा निघाल्याची चिंता नव्हती. आपल्याच भट्टीतून हे यंत्र बाहेर पडलं का, हा प्रश्न त्यांना पडला होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्याला जो प्रश्न सुचला, तो आपल्या महापालिकांच्या सभागृहांत फारसा ऐकू येत नाही.

त्या काळी तिथे खोटं चलन का माजलं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. राज्याराज्यांतल्या खासगी बँका आपापल्या नोटा छापत, स्पॅनिश चांदीचे डॉलर १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालत. समोर आलेली नोट कुठल्या बँकेची, ती बँक आहे की बुडाली, हे सामान्य माणसाला कळणं अशक्य होतं. खरं-खोटं ओळखायचं साधन त्याच्या हाती नव्हतं आणि ज्यांच्या हाती होतं त्यांना ओळखण्याची घाई नव्हती.

१८५५ साली या शब्दाने राजकारणात पाऊल ठेवलं. कॅन्सस प्रदेशात ३० मार्चला विधिमंडळाची निवडणूक होती. गुलामगिरी हवी की नको, हा तिथला वाद. शेजारच्या मिसुरी राज्यातून हजारो सशस्त्र माणसं सीमा ओलांडून आली आणि मतं टाकून परत गेली. महिनाभर आधीच्या गणनेत २,९०५ मतदार होते, मतं पडली ६,३०७. अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने त्यांतली ४,९०८ बेकायदा ठरवली. त्यातून निवडून आलेल्या सभेला विरोधक ‘बोगस विधिमंडळ’ म्हणत, तिने केलेल्या कायद्यांना ‘बोगस कायदे’. पण नीट बघा, ती सभा बसली कशी? राज्यपाल अँड्र्यू रीडर याने दबावाखाली बहुतेक उमेदवारांना निवडून आल्याची प्रमाणपत्रं दिली आणि राष्ट्राध्यक्ष पिअर्स याच्या सरकारने ती सभा मान्य केली. मतं खोटी होती, प्रमाणपत्रं अस्सल होती. त्या अस्सल सह्या नसत्या, तर मिसुरीहून आलेली माणसं नुसता दंगा करून गेली असती. त्यांचं सरकार झालं नसतं.

खोट्याला उभं राहायला खऱ्या शिक्क्याचा आधार लागतो. ठाण्यात हे मला रोज दिसतं.

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती, बांधकामावरच्या मजुरांची कुटुंबं होती. काही महिन्यांत सात मजले चढवले होते. वर काम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आणलेली होती. हे ‘माणसं आणून बसवणं’ आपल्या भागात नवं नाही. इमारतीत बायकामुलं राहायला आली की पाडकाम अडतं, हे बांधणाऱ्याला पक्कं माहीत असतं. दाटीवाटीच्या चाळीतून सुटून स्वतःच्या घरात आल्याचा आनंद झालेलं कुटुंब त्याच्या दृष्टीने ढाल असते. त्या प्रकरणात झालेल्या अटकांमध्ये बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी होते, एक नगरसेवक होता, पोलीस होते. म्हणजे यंत्राचे भाग कोणकोणते, हे ठाणेकरांना तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर बारा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच शीळमधल्या खान कंपाउंडच्या १७ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतर, तिथून जवळच, सतरा इमारती उभ्या राहिल्या. एक इमारत चुकून नजरेआड होऊ शकते. सतरा इमारतींचं काँक्रीट, रेती, सळई ज्या रस्त्यावरून गेलं तो रस्ता महापालिकेचाच आहे.

नवी मुंबईतही तेच. २०१५ साली उच्च न्यायालयाने दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. जागा प्रामुख्याने एमआयडीसी आणि सिडकोच्या, म्हणजे ज्यांच्याकडे जमिनीचे नकाशे आणि मोजण्या आहेत अशा सरकारी संस्थांच्या. पाडकाम सुरू झालं तेव्हा रस्त्यावर आले ते राहणारे. टीव्हीवर दिसल्या त्या रडणाऱ्या बायका. ज्यांनी ती घरं विकली त्यांच्या दारात कॅमेरा गेल्याचं मला आठवत नाही.

ठाणे महापालिकेच्या हद्दीतल्या दिवा गावातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने मला त्यांच्या घराची फाईल बघायला बोलावलं होतं. इमारतीला नोटीस लागलेली. चेनची निळी प्लास्टिकची फाईल त्यांनी चटईवर उघडली आणि वहिनी एकेक कागद काढून ओळीने मांडत गेल्या. करारनामा, त्यावर दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि दोघांचे अंगठे. मुद्रांक शुल्क भरल्याची पावती. नोंदणीची पावती. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. मालमत्ता कराच्या दरवर्षीच्या पावत्या, टाचणीने एकत्र लावलेल्या. वीजबिलं. एका पतपेढीचं कर्जमंजुरीचं पत्र आणि हप्त्यांचं पासबुक. त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र. आणि सगळ्यांत तळाशी बांधकाम परवानगीची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स म्हणावी अशी. महापालिकेच्या बोधचिन्हाचा काळा डाग झालेला, जावक क्रमांक वाचता येत होता, सही कडेला अर्धी कापली गेलेली. तो जावक क्रमांक शहर विकास विभागाच्या नोंदवहीत दुसऱ्याच कुठल्या तरी पत्राचा निघाला होता.

“दादा, यातला खोटा कागद नेमका कोणता?” वहिनींनी विचारलं.

मी झेरॉक्सवर बोट ठेवलं.

“आणि बाकीचे?”

“बाकीचे सगळे खरे आहेत.”

त्या जरा वेळ ओळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एका खोट्या कागदापुढे एवढ्या खऱ्या कागदांचं काहीच चालत नाही का?”

कायद्याचं उत्तर सरळ आहे, नाही चालत. नोंदणी कार्यालय १९०८ च्या नोंदणी कायद्याने चालतं. दस्त करणारा माणूस तोच आहे ना, मुद्रांक पुरेसा भरला ना, एवढं ते बघतं. इमारतीला परवानगी आहे की नाही, हे ठरवणं त्याचं काम मानलं जात नाही. मालमत्ता कराचं तर कायद्यातच लिहिलेलं आहे. बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लावता येते आणि कर घेतला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. म्हणजे महापालिकेला ते घर बेकायदा आहे हे एका खिडकीवर ठाऊक असतं, त्याचे पैसेही ती जास्त घेते, आणि दुसऱ्या खिडकीवर वर्षानुवर्षं काहीच हलत नाही. वीज कंपनी म्हणते, २००३ च्या वीज कायद्यानुसार राहणाऱ्याने अर्ज केला की जोडणी देणं आम्हाला भाग आहे. पतपेढी म्हणते, आम्ही करारनामा बघितला. प्रत्येकाचं आपापल्या परीने बरोबर आहे.

पण घर घेणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याने बांधकाम परवानगीची झेरॉक्स वाचून विश्वास ठेवला नव्हता. ती वाचायला त्याला येतच नाही, आणि का यावी? त्याने विश्वास ठेवला तो या ओळीवर. सरकारने माझ्याकडून मुद्रांक घेतला, महापालिका माझ्याकडून कर घेते, मीटर बसला, कर्ज मिळालं, मग घर खोटं कसं असेल? बिल्डरचा एजंटही नेमकं हेच सांगतो. “रजिस्ट्रेशन होतंय, लोन होतंय, अजून काय पाहिजे?” या वाक्यात एकही शब्द खोटा नसतो. त्या खऱ्या शिक्क्यांमधून जो भरवसा तयार होतो, तोच बिल्डर विकत असतो. सिमेंट आणि विटा तर स्वस्त असतात.

म्हणून माझ्या मते यंत्र ते हेच. परवानगीवर खोटी सही ठोकणारा माणूस हा त्या यंत्राचा एक खिळा आहे. नोंदणी, कर, वीज, कर्ज ही चार चाकं आहेत आणि ती चौघंही ‘हे आमचं काम नाही’ म्हणत फिरत राहतात.

हे बदलता येत नाही असं कुणी म्हटलं, तर मी तेलगीचं उदाहरण देईन. अब्दुल करीम तेलगीने बोगस मुद्रांक छापून देशभर विकले. त्यासाठी लागलेली यंत्रसामग्री नाशिकच्या सरकारी छापखान्यातून भंगारात निघालेली होती. पेन्सव्हिलच्या टोळीला यंत्र ओतून घ्यावं लागलं, तेलगीला सरकारी छापखान्याचंच मिळालं. २००७ साली पुण्याच्या न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची शिक्षा आणि २०२ कोटींचा दंड ठोठावला. पण शिक्षेपेक्षा महत्त्वाचं पुढे घडलं. मुद्रांक भरण्याची पद्धतच बदलली. फ्रँकिंग, म्हणजे यंत्राने कागदावर मुद्रांकाचा ठसा उमटवणं, आलं, मग ऑनलाइन भरणा आला, पावतीवरचा क्रमांक संगणकावर ताडून बघता येऊ लागला. कुणी मुद्रांक घेणाऱ्या सामान्य माणसाला पकडून ‘तू खोटा कागद का घेतलास’ म्हणून त्याचं घर पाडलं नाही. तिजोरी फसवली गेली तेव्हा सरकारला साचा मोडण्याचं सुचलं आणि साधलंही. घर घेणारा फसवला जातो तेव्हाही तेच साधता येईल.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘बाजारभावाच्या निम्म्याने फ्लॅट मिळतोय म्हटल्यावर काही तरी काळंबेरं आहे हे यांना कळत नव्हतं का? नियम पाळून, वीस-वीस वर्षं हप्ते भरून घर घेणारे आम्ही मूर्ख का?’ हा राग खरा आहे आणि त्याला तुच्छ लेखू नये. काही खरेदीदारांना खरोखर माहीत असतं. किरकोळ रकमेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घर घेतलं जातं, तेव्हा घेणाऱ्याच्याही मनात पाल चुकचुकते. काहींनी तर एकाऐवजी तीन-तीन खोल्या गुंतवणूक म्हणून घेतलेल्या असतात. अशांची वकिली मी करणार नाही. पण दिवा-मुंब्रा-दिघ्याला राहायला येणारा बहुसंख्य माणूस कोण आहे? पहाटेची लोकल पकडून कारखान्यात, दुकानात, हॉस्पिटलच्या वॉर्डात, लोकांच्या स्वयंपाकघरात कामाला जाणारा. घोडबंदर रोडवरच्या किंवा पाम बीच रोडवरच्या जाहिरातीतलं घर त्याच्या कुवतीबाहेरचं आहे. त्याच्यापुढे स्वस्त कायदेशीर घर आणि स्वस्त बेकायदा घर असे दोन पर्याय नसतातच. कायदेशीर आणि परवडणारी घरं पुरेशी बांधली गेली असती, तर बोगस इमारतींचा बाजार असा फोफावला नसता. माहीत असूनही घेतलेलं घर आणि फसून घेतलेलं घर यांत फरक करायला हवा, आणि तो बुलडोझर पाठवण्याआधी करायला हवा.

आणखी एक फरक नवी मुंबईत काटेकोरपणे करावा लागतो. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचा प्रश्न मार्गी लागला. गावठाणांची हद्द वेळेवर वाढवली नाही, कुटुंबं वाढत गेली, मुलांची लग्नं झाली. त्या लोकांनी घराला लागून घर वाढवलं, वर मजला चढवला. ही गरजेपोटी बांधलेली घरं आहेत आणि त्यांना बोगसच्या रांगेत बसवणं हा अन्याय आहे. त्याच वेळी प्रकल्पग्रस्ताच्या नावाआड, त्याला दोन-चार फ्लॅट देऊन, बाहेरच्या बिल्डरने सात मजली इमारत उठवली आणि विकून तो मोकळा झाला, हेही तितकंच खरं आहे. पहिल्या घरात आजी ओटीवर बसलेली असते. दुसऱ्या इमारतीचा मालक कोण, हे तिथल्या कुणालाच सांगता येत नाही. दोन्हींना एकच शब्द लावला की बिल्डर आजीच्या मागे लपतो, आणि ते त्याला फार सोयीचं जातं.

सरकारकडचं ठरलेलं औषध म्हणजे नियमित करणं. २०१७ साली नगररचना कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करण्याची वाट काढली गेली. राहणाऱ्याला दिलासा म्हणून मला त्याबद्दल सहानुभूती आहे. पण या उपायात दंड कुणाच्या खिशातून जातो? राहणाऱ्याच्याच. ज्याने इमारत विकून पैसा केला तो या हिशेबात कुठेच नाही. आणि एकदा तारीख जाहीर झाली की पुढची तारीख कधी ना कधी येणारच, हे बांधणारे गृहीत धरतात. यंत्राला हात न लावता पडलेली नाणी तेवढी चलनात घ्यायची, असा हा मार्ग आहे.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा, आल्यावर चित्र बदलेल असं वाटलं होतं. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा लागू झाला. प्रकल्पाची नोंदणी, वेबसाइटवर सगळी माहिती, घर घेणाऱ्याला दाद मागण्याची सोय, ही मोठी सुधारणा होती आणि आहे. पण ठाणे जिल्ह्यातच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराचा नोंदणी क्रमांक मिळवला. खोट्या कागदावर खरा क्रमांक बसला आणि तो क्रमांक जाहिरातीत झळकला. एका वास्तुविशारदाच्या याचिकेमुळे प्रकरण उघडकीला आलं. ठाणे पोलिसांचं विशेष पथक नेमलं गेलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितलं. राहणाऱ्यांतल्या अनेकांनी बँकांची गृहकर्जं घेतलेली होती. कर्ज देणाऱ्या बँकेकडे वकील असतो, मूल्यांकन करणारा असतो, कागद तपासण्याची फी ती ग्राहकाकडूनच घेते. तिच्या तपासणीत जे सुटलं ते एखाद्या रिक्षावाल्याने पकडायला हवं होतं, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार?

म्हणूनच १७ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला या सगळ्या वर्षांतला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्रकरण मेरठचं होतं, पण निर्देश साऱ्या देशाला दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी पूर्ण काळ लावलेला हवा. भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे इमारत नियमाप्रमाणे पूर्ण होऊन राहण्याजोगी झाल्याचा दाखला, मिळाल्यावरच ताबा द्यायचा. वीज, पाणी, मलनिस्सारण यांच्या जोडण्या तो दाखला बघूनच द्यायच्या. बँकांनी इमारत तारण घेऊन कर्ज देताना तो दाखला आधी तपासायचा. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई करायची. म्हणजे न्यायालयाने चाकांवरच बोट ठेवलं. ‘हे आमचं काम नाही’ म्हणण्याची सोय त्यांना उरली नाही.

निर्देश कागदावर आहेत, प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि ती सुरू करायला ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना कुणाची परवानगी लागत नाही. शहर विकास विभागाने आजवर दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीची आणि भोगवटा दाखल्याची जावक नोंद, सर्व्हे नंबर आणि इमारतीच्या नावासह, मराठीत, मोबाइलवर शोधता येईल अशी खुली करावी. वहिनींच्या फाईलमधला क्रमांक दुसऱ्या पत्राचा आहे हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज लागता कामा नये. नोंदणी कार्यालयाने दस्त नोंदवताना, हक्क तपासत नसलं तरी, ‘या इमारतीची परवानगी महापालिकेच्या नोंदीत आढळली’ किंवा ‘आढळली नाही’ एवढी एक ओळ इंडेक्स टूवर छापावी. माणूस ती वाचेल आणि मग स्वतःच्या जबाबदारीवर ठरवेल. तेव्हा ‘तुला कळत नव्हतं का’ हा प्रश्न त्याला विचारण्याचा हक्क आपल्याला येईल.

ज्या इमारती आधीच उभ्या आहेत आणि ज्यांत माणसं राहतात, त्यांच्या वीज-पाण्याला मात्र हात लावू नये. जोडणी सुरुवातीलाच नाकारणं आणि नांदत्या घराचं पाणी तोडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धोकादायक इमारत रिकामी करायलाच हवी, लकी कंपाउंड आपण विसरू शकत नाही. पण रिकामी करताना राहणाऱ्यांना निदान संक्रमण शिबिरात जागा मिळाली पाहिजे, आणि त्याचा खर्च इमारत विकणाऱ्याच्या मालमत्तेवर बोजा चढवून वसूल झाला पाहिजे. त्याने तो पैसा दुसऱ्या प्रकल्पात, बायकोच्या नावावर, गावच्या जमिनीत गुंतवलेला असतो. वसुली करायची म्हटली तर महसूल खात्याला तो शोधता येतो. थकलेल्या कर्जापायी शेतकऱ्याच्या दारात पोचणारी यंत्रणा बिल्डरच्या दारातही पोचू शकते.

आणि अधिकारी. बेकायदा बांधकामावर कारवाई टाळणारा अधिकारी शिक्षेस पात्र ठरतो, अशी तरतूद राज्याच्या नगररचना कायद्यात आहे. ती वापरली जात नाही, कारण इमारत चढत असताना प्रभागात कोण होतं हे शोधेस्तोवर तो माणूस बदलून गेलेला असतो, नाहीतर निवृत्त झालेला असतो. त्यासाठी प्रत्येक बेकायदा इमारतीच्या नोटिशीवरच लिहावं की पायापासून शेवटच्या स्लॅबपर्यंत या प्रभागाचे सहायक आयुक्त कोण होते, बीट निरीक्षक कोण होते, पहिला मालमत्ता कर कुणाच्या सहीने लागला. आज त्या नोटिशीवर हा तपशील नसतो. ठाणे महापालिकेने पुढची नोटीस काढताना हा रकाना घालावा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, बदल्यांच्या आदेशांच्या फायली महापालिकेकडेच आहेत.